आशेसाठी कंबर कसताना: पेत्राच्या पहिल्या पत्रासोबत सहा आठवडे

पहाटे पाचला उठायचे, रोज तीन अध्याय वाचायचे, तासभर प्रार्थना करायची, असा निश्चय करून अनेक जण ख्रिस्ती जीवनाला सुरुवात करतात. पंधरा-वीस दिवसांत तो निश्चय ढासळतो आणि मागे अपराधी भावना उरते. दोष आळसाला दिला जातो, पण बहुतेक वेळा चूक क्रमात असते. आधी शिस्त, मग तिचे बक्षीस म्हणून आशा, असा क्रम मनात धरलेला असतो. येशूचा शिष्य पेत्र याच्या, नव्या करारातल्या पहिल्या पत्रात तो उलटा आहे. पहिल्या बारा ओव्यांत एकही आज्ञा नाही. देवाने काय केले, येशूच्या पुनरुत्थानामुळे कोणती जिवंत आशा मिळाली, कोणते वतन राखून ठेवले आहे, एवढेच त्यात सांगितले आहे. पहिली आज्ञा तेराव्या ओवीत येते: मनाची कंबर कसा, सावध राहा, आणि ख्रिस्त प्रकट होईल तेव्हा मिळणाऱ्या कृपेवर पूर्ण आशा ठेवा.

पायघोळ अंगरखा घातलेला माणूस कामाला किंवा वाटेला लागताना त्याचा घोळ वर घेऊन कंबरपट्ट्यात खोचत असे. शेतात उतरताना बाया पदर खोचतात, तसेच ते. पदर खोचणे हे काम नव्हे, कामाची तयारी आहे. मनाची शिस्तही तशीच. तिने आशा निर्माण होत नाही. मिळालेल्या आशेच्या दिशेने चालताना पायात येणारे तेवढे ती आवरून धरते. पुढचा सहा आठवड्यांचा सगळा कार्यक्रम याच आधारावर मांडला आहे.

हे पत्र ज्यांना लिहिले ते लोक पंत, गलतिया, कप्पदुकिया, आशिया आणि बिथुनिया या प्रांतांत, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, विखुरलेले होते. पेत्र त्यांना परदेशवासी म्हणतो. जुने सोबती आता आपल्यासोबत येत नाहीत याचे नवल करून त्यांची निंदा करत असत, असे चौथ्या अध्यायात आहे. घरात किंवा नात्यात एकट्यानेच विश्वास धरलेल्याला हे पत्र लगेच जवळचे वाटते.

सामान आणि वेळ

छापील पवित्र शास्त्र घ्या. मोबाइलमधले चालेल, पण वाचता वाचता वरून निरोप उतरत राहतात आणि मन तिकडे जाते. मोबाइलच वापरायचा असेल तर तेवढा वेळ इंटरनेट बंद ठेवा. बायबल सोसायटीच्या जुन्या भाषांतराची भाषा जड वाटली तर सोप्या भाषेतली आवृत्ती शेजारी ठेवा. पाठांतर मात्र एकाच भाषांतरातून करा, नाहीतर दोन्हींचे शब्द एकमेकांत मिसळतात आणि ओवी धड आठवत नाही. शंभर पानी वही, पेन आणि पोस्टकार्डाच्या आकाराचे सहा पुठ्ठे एवढे पुरे.

सकाळी वीस मिनिटे, दुपारी पाच, रात्री दहा. यापेक्षा जास्त वेळ पहिल्या सहा आठवड्यांत देऊ नका, उत्साह असला तरी. सकाळची वेळ घड्याळापेक्षा एखाद्या ठरलेल्या कामाला जोडलेली बरी: चहा झाल्यावर, डबा भरून झाल्यावर, लोकलमध्ये जागा मिळाल्यावर. ज्यांची पाळी दर आठवड्याला बदलते त्यांना ‘रोज सहा वाजता’ जमत नाही, पण ‘उठल्यावर पहिला चहा झाला की’ हे कोणत्याही पाळीत जमते.

पहिला आठवडा: आज्ञा नको

पहिल्या दिवशी पूर्ण पत्र मोठ्याने वाचा. पाच अध्याय, १०५ ओव्या. सावकाश वाचले तरी वीस मिनिटांच्या आसपास होते. ही पत्रे मंडळीत मोठ्याने वाचण्यासाठीच लिहिली जात, त्यामुळे कानांवर पडल्यावर त्यांचा ओघ कळतो. न कळलेल्या जागी थांबू नका, पेन्सिलीने खूण करून पुढे जा.

दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर फक्त १:१-१२, म्हणजे पहिल्या अध्यायाच्या ओव्या एक ते बारा. रोज तोच भाग तीनदा: एकदा मनात, एकदा मोठ्याने, एकदा अगदी सावकाश. मग वहीत तीन ओळी लिहा. पहिल्या ओळीत, देवाने काय केले. दुसरीत, काय देण्याचे वचन दिले. तिसरीत, ते कधी आणि कोणत्या परिस्थितीत मिळणार. तिसरी ओळ बहुतेक जण गाळतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. सहावी ओवी मोकळेपणाने सांगते की सध्या काही काळ नाना प्रकारच्या परीक्षांमुळे दुःख सोसावे लागत आहे. आशा आणि दुःख एकाच वाक्यात शेजारी बसले आहेत. विश्वास धरल्यावर दुःख संपले पाहिजे, अशी समजूत कुणी करून दिली असेल तर ती या आठवड्यात तपासून पाहा.

शेवटची चार-पाच मिनिटे प्रार्थना: वहीतल्या तीन ओळींवरून आधी आभार, मग त्या दिवसाची एकच मागणी.

आशा कशावर ठेवली आहे?

इथे थोडे थांबावे लागेल, कारण मोठी पडझड याच ठिकाणी होते. जुन्या करारात यिर्मया संदेष्ट्याचे पुस्तक आहे; त्यातली २९:११ ही ओवी ख्रिस्ती घरांतल्या कॅलेंडरांवर, भेटकार्डांवर, लग्नपत्रिकांवरही दिसते. तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत, तुम्हांला भावी सुस्थितीची आशा देण्याचे, असा तिचा आशय. पण ही ओवी ज्या पत्रातली आहे ते पत्र बाबेलमध्ये कैद करून नेलेल्या लोकांना लिहिलेले होते, आणि तिच्या आधीची दहावी ओवी सत्तर वर्षे सांगते. पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक प्रौढ माणसे परतीचा दिवस पाहणार नव्हती. तरीही त्यांना सांगितले जाते: घरे बांधा, मळे लावा, मुलांची लग्ने करा, ज्या नगरात नेले आहे त्याचे हित पाहा.

आधीच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा आहे. तो मंदिरात उभा राहून सगळ्यांसमोर सांगतो की दोन वर्षांत सगळे परत येईल. ऐकायला गोड, आणि देवाच्या नावाने सांगितलेले. यिर्मया म्हणतो, तू या लोकांना खोट्यावर भरवसा ठेवायला लावले आहेस.

म्हणून वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने आखा. डावीकडे, देवाने खरोखर वचन दिलेल्या गोष्टी: त्याची सोबत, क्षमा, पुनरुत्थान, कसोटीत धरून ठेवणे, शेवटी सगळे नवे करणे. उजवीकडे, आपल्याला हव्या असलेल्या गोष्टी: नोकरी, लग्न, आजारातून बरे होणे, परदेशाचा व्हिसा. उजव्या रकान्यातल्या गोष्टी जरूर मागा, आग्रहाने मागा. येशूने भाकर मागायला शिकवली आहे. पण आशेचा भार डाव्या रकान्यावर टाका. उजवीकडची एखादी गोष्ट नकळत डावीकडे सरकली की ती न मिळाल्याच्या दिवशी देवानेच फसवले असे वाटू लागते. अशा निराशेने मंडळी सोडून गेलेल्या माणसांना बऱ्याचदा कुणीतरी हनन्याची दोन वर्षे विकलेली असतात. अमुक इतके दिवस उपास करा, अमुक इतके दान द्या, काम होईल, असे कुणी सांगत असेल तर ते पेत्राच्या पत्रात कुठे बसते हे त्याला विचारा.

दुसरा आठवडा: दुपारची पाच मिनिटे

सकाळचे वाचन १:१३ ते २:३. आता दुपारी एक नवी गोष्ट सुरू करा: एक विचार पकडायचा. दिवसभरातले सगळे विचार पकडायला गेलात तर डोके शिणेल. एकच पुरे, सारखा परत येणारा.

समजा तो असा आहे: ‘मुलाखत बिघडली, आता माझे कधीच काही होणार नाही.’ तो जसा आला तसाच, सजावटीशिवाय, वहीत लिहा. मग त्याचे दोन तुकडे करा. ‘मुलाखत बिघडली’ ही घडलेली गोष्ट. ‘कधीच काही होणार नाही’ हे भाकीत, आणि ते कुणी आपल्याला सांगितलेले नाही. घडलेल्या गोष्टीसाठी दुःख करायला हरकत नाही. भाकिताला वचनाने उत्तर द्या, मोठ्याने, एका वाक्यात. मग ५:७ प्रमाणे चिंता देवावर टाका, आणि टाकताना तिचे नाव घ्या: ‘प्रभू, कंपनीचा फोन येण्याची चिंता तुझ्याकडे.’ नुसते ‘सगळ्या चिंता घे’ म्हटले की काहीच सोपवल्यासारखे होत नाही. शेवटी पुढच्या पंधरा मिनिटांत करायचे एक लहान काम ठरवा आणि उठा.

विचार दाबून टाकू नका. ‘हे मनात येताच कामा नये’ म्हणून झटकलेला विचार अधिक जोराने परत येतो. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटातले साधू, विशेषतः इव्हाग्रिअस, प्रत्येक त्रासदायक विचाराला शास्त्रातल्या एका वचनाने उत्तर देण्याची रीत शिकवत. तिचे मूळ येशूच्याच परीक्षेत आहे. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात तो सैतानाला तीन वेळा उत्तर देतो आणि तिन्ही उत्तरे जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातली आहेत, सहाव्या आणि आठव्या अध्यायांतली. उपाशी अवस्थेत, रानात, हाताशी गुंडाळी नसताना ती ओठांवर होती, कारण आधी पाठ होती.

पाठांतर

आठवड्याला एक ओवी. सहा आठवड्यांसाठी या घ्या: १:३, १:१३, २:९, ३:१५, ४:१९, ५:७. (५:७ तर दुसऱ्याच आठवड्यापासून वापरात असते, त्यामुळे ती शेवटी आपोआप सोपी जाते.) पुठ्ठ्याच्या एका बाजूला संदर्भ, दुसऱ्या बाजूला ओवी. पहिल्या दिवशी पाच वेळा मोठ्याने म्हणा. संदर्भ आधीही म्हणा आणि नंतरही, म्हणजे ओवी आठवते पण जागा सापडत नाही असे होत नाही. दुसऱ्या दिवशी न बघता म्हणा, मग चौथ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी. अडखळलात तर पुठ्ठा उलटून पाहा आणि पूर्ण ओवी पुन्हा सुरुवातीपासून म्हणा. अडलेला शब्दच घोकला तर तो सुटा राहतो.

गाऊन पाठ होत असेल तर उत्तमच. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती भक्ती अभंगांच्या आणि भजनांच्या चालीत आणली, आणि शास्त्र वाचता न येणाऱ्या कितीतरी आज्यांना ती शेवटपर्यंत तोंडपाठ असत. आपल्या मंडळीत गायले जाणारे, आशेविषयीचे एक गीत निवडा आणि सहा आठवडे तेच गा.

तिसरा आणि चौथा आठवडा

वाचन २:४-२५, मग तिसरा अध्याय. आता रात्रीची दहा मिनिटे जोडा. येशूसंघाचे (जेझुइटांचे) संस्थापक इग्नेशियस लोयोला, ज्यांचे सोबती फ्रान्सिस झेव्हियर १५४२ मध्ये गोव्यात आले, यांनी दिवसाच्या आढाव्याचे पाच भाग सांगितले आहेत आणि ते कॅथलिक नसलेल्यांनाही तितकेच उपयोगी पडतात: आजच्या देणग्यांसाठी आभार, स्वतःकडे खरेपणाने पाहता यावे म्हणून मागणी, सकाळपासून रात्रीपर्यंत दिवस क्रमाने नजरेखालून घालणे, चुकले त्याची क्षमा, उद्यासाठी एक निश्चय. प्रत्येकी दोन मिनिटे. आभार आधी येतात, हा क्रम मोडू नका. थेट चुकांपासून सुरुवात केली की आढाव्याचा खटला होतो, आणि मन आरोपीसारखे लपायला लागते. ज्यांना बारीकसारीक चुकांवरून स्वतःला छळण्याची सवय आहे त्यांनी तिसरा भाग एका मिनिटात उरकावा आणि तो वेळ आभारांना द्यावा.

या दोन आठवड्यांच्या वाचनात कठीण जागा आहेत: २:१८ पासून दासांविषयी, ३:१ पासून पत्नींविषयी. याच ओव्या दाखवून मार खाणाऱ्या बाईला ‘सोस, हीच तुझी साक्ष’ असे सांगितले गेले आहे. असे सांगणे चूक आहे. तिसऱ्याच अध्यायाची सातवी ओवी नवऱ्याला बजावते की पत्नीला मान दे, ती जीवनाच्या कृपेची तुझ्याबरोबरीची वारस आहे. नाहीतर तुझ्या प्रार्थनेत अडथळा येईल. ख्रिस्ती आशा म्हणजे घरातला अत्याचार गुपचूप सोसणे नव्हे. तसे घडत असेल तर विश्वासातल्या माणसाला सांगा, सुरक्षित जागी जा; महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे.

चौथ्या आठवड्यात विलाप शिका. ख्रिस्ती माणसाने नेहमी हसतमुख असावे, या अपेक्षेने खूप जणांची प्रार्थना खोटी होऊन जाते. स्तोत्र १३ फक्त सहा ओव्यांचे आहे. पहिल्या दोन ओव्यांत ‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो. तिसरी-चौथी म्हणजे मागणी. पाचवी-सहावी म्हणजे भरवसा. याच साच्यात स्वतःचे स्तोत्र लिहा: चार ओळी तक्रार, दोन ओळी मागणी, दोन ओळी भरवसा. भरवशाच्या ओळी त्या दिवशी मनातून येत नसतील तर रिकाम्या सोडा. स्तोत्र ८८ अंधारातच संपते, तरी ते शास्त्रात आहे, कारण ते देवाशीच बोलत राहते.

स्तोत्र ४२ आणि ४३ मध्ये आणखी एक गोष्ट दिसते. गाणारा स्वतःच्या जिवाला विचारतो, तू का खिन्न झालास, आणि त्यालाच सांगतो, देवाची आशा धर. हे तो तीनदा करतो, कारण एकदा सांगून खिन्नता गेली नाही. दुपारच्या पाच मिनिटांत तोच विचार चौथ्यांदा पकडावा लागला तर साधना फसली असे समजू नका.

पाचवा आणि सहावा

वाचन चौथा अध्याय, मग पाचवा. ४:७ मध्ये सावध राहणे प्रार्थनेशी जोडले आहे, ५:८ मध्ये जागे राहण्याशी, जसे १:१३ मध्ये आशेशी. जागे राहा असे लिहिणारा हा माणूस गेथशेमाने बागेत, घटकाभर जागे राहायला सांगितले असताना झोपला होता आणि त्याच रात्री तीनदा नाकारूनही बसला होता. मोडलेल्या शिस्तीतून परत उभे केलेल्याचे हे पत्र आहे, हे ध्यानात ठेवून वाचा.

पाचव्या आठवड्यात एक माणूस शोधा: पाळक, फादर, मंडळीतली एखादी ताई किंवा काका. आठवड्यातून एकदा अर्धा तास. तीन गोष्टी बोला: या आठवड्यात कोणता विचार सारखा आला, कोणते वचन उपयोगी पडले, कुठे चुकलो. ऐकणाऱ्याने उपदेश करण्याची घाई करू नये. शेवटी दोघांनी मिळून पाच मिनिटे प्रार्थना करावी. भावनेवर उठलेल्या शिस्तीला एकट्याने फार दिवस तग धरता येत नाही, आणि पेत्राचे पत्रही अनेकवचनात, मंडळीला लिहिलेले आहे. रविवारची उपासना किंवा मिस्सा या क्रमाबाहेरची गोष्ट समजू नका. आठवड्याचा पहिला दिवस पुनरुत्थानाचा म्हणूनच पाळला जातो.

उपास करायचा असेल तर आठवड्यातून एक जेवण वगळा आणि त्याचे पैसे गरजूला द्या. मधुमेह असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी, औषधे चालू असलेल्यांनी जेवण वगळू नये. एक दिवस समाजमाध्यमे बंद ठेवणे त्यांना चालेल.

सहाव्या आठवड्यात ३:१५ हाती घ्या. तुमच्यात असलेल्या आशेविषयी कुणी विचारले तर उत्तर द्यायला तयार राहा, पण सौम्यतेने, असे तिथे म्हटले आहे. वहीत चार वाक्यांत उत्तर लिहा: मी कशाची आशा धरतो, कशाच्या आधारावर, अजून काय दुःख आहे, आणि त्यामुळे आज मी काय वेगळे करतो. मंडळीतच वापरले जाणारे शब्द काढून ते पुन्हा लिहा, म्हणजे शेजाऱ्यालाही कळेल. कुणी विचारले नाही तर सांगायला जाऊ नका. ओवी विचारणाऱ्याला उत्तर द्यायला सांगते.

बिघडते कुठे

दिवस चुकला तर तो भरून काढू नका. आजचे वाचन आज. तीन दिवसांची थकबाकी एकदम फेडायला बसलात की चौथ्या दिवशी वही उघडायचीच भीती वाटते. आठवडाभर सुटले तर मागे न जाता १:१-१२ वाचून चालू आठवड्यात शिरा.

कोरडेपणा सगळ्यांनाच येतो, साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. शब्द वाचले जातात, आत काही पोहोचत नाही. इग्नेशियस यांचा नियम इथे सोन्यासारखा आहे: अशा काळात, मन उजळलेले असताना घेतलेले निर्णय बदलू नका. वेळ कमी करू नका, मंडळी सोडू नका, मोठा नवा संकल्पही करू नका. उलट ठरलेल्या वेळेपेक्षा एक-दोन मिनिटे जास्त बसा, आणि वाचन जमत नसेल तर पाठ केलेली ओवी श्वासागणिक म्हणा.

थकव्याला अविश्वास समजण्याची चूक तर फारच होते. १ राजे १९ मध्ये एलीया झुडपाखाली पडून मरण मागतो. देवदूत त्याला रागावत नाही. भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून जेवू घालतो. देवाचे बोलणे त्यानंतर, होरेबवर. झोप पाच तासांवर आली असेल तर पहाटेची प्रार्थना वाढवण्याआधी झोप वाढवा.

दोन आठवड्यांहून अधिक काळ मन सतत खचलेले असेल, झोप-भूक बिघडली असेल, आवडीच्या कशातच रस उरला नसेल तर डॉक्टरांकडे जा. जगू नये असे वाटत असेल तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. भारतात टेलिमानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे आणि मराठीत बोलता येते. गोळ्या घेणे म्हणजे विश्वास कमी पडणे नव्हे. पौल तिमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो, तेव्हा त्याच्या विश्वासावर बोट ठेवत नाही.

सहा आठवड्यांनंतर वेळ तीच ठेवा आणि वाचन बदला: आधी फिलिप्पैकरांस पत्र, कैदेतून लिहिलेले, चार अध्याय, चार आठवडे, ४:८ मधली ‘जे काही सत्य, जे काही आदरणीय’ ही यादी दुपारच्या पाच मिनिटांसाठी घ्या. मग विलापगीताचा तिसरा अध्याय, रोज सहा ओव्या, अकरा दिवस. मग रोमकरांस आठवा अध्याय, दोन आठवडे. नाताळाआधीचा आगमनकाळ जवळ असेल तर त्याच्या चार रविवारांशी जोडून पेत्राच्या पत्रातले १:१-१२ पुन्हा घ्या. पहिल्या वहीतल्या तीन ओळी न बघता नव्याने लिहा आणि मग दोन्ही शेजारी ठेवून वाचा.